दुसऱ्या झरोक्याखालचा गिलावा

माझ्या हातचं एकही काम आईने आजवर धडपणे पाहिलेलं नव्हतं. तीस वर्षं मी गवंडीकाम करतोय. त्यातली शेवटची बारा वर्षं नुसती डागडुजी. जुन्या इमारती, जुने पूल, जिथे नवा माल जुन्यात असा मिसळावा लागतो की सांधा कुठे आहे हे बापजन्मात कुणाला कळू नये. ह्या कामात माझा हात धरणारा आमच्या भागात दुसरा नाही. हे मी म्हणत नाही, कंत्राटदार म्हणतात, आणि कंत्राटदार ही काही फुकट गोड बोलणारी जात नव्हे. पण घरात विचाराल तर मी कोण? धाकटा. चिखलात हात घालणारा. थोरला कचेरीत खुर्चीवर बसतो, त्या खुर्चीला चाकं आहेत, आणि ही चाकांची गोष्ट आई आल्यागेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगते. बाहेरच्या खोलीला मी आठ दिवस हातातलं काम सोडून गिलावा केला, आरशासारखा. आई आत आली, नाक मुरडलं आणि म्हणाली, हा ओला वास कधी जाणार?

तर असा मी आणि अशी आई. त्या दिवशी जेवताना थोरल्याने पेपर वाचता वाचता सांगितलं की उत्तरेला पार टोकाला, लढाईच्या काळात शत्रूने समुद्रावर जी तटबंदी बांधली होती, ती सरकारने दुरुस्त करून लोकांना बघायला खुली केली आहे. इतकी वर्षं तिथे लष्कराचं कुंपण होतं, चिटपाखरू आत जात नव्हतं. आई जेवायची थांबली. तिने पेपर हातात घेतला, चष्मा पदराने पुसला, त्या ठिकाणाचं नाव दोनदा वाचलं आणि म्हणाली, "मला इथे जायचंय."

थोरला म्हणाला, रजा नाही. वहिनी म्हणाली, तिथली थंडी मला सोसायची नाही. मग सगळे माझ्याकडे वळले. अडल्यावेळी मी घरातला असतो.

माझ्या पोटात मात्र गुदगुल्या होत होत्या. कारण ती तटबंदी दुरुस्त केली होती मीच. म्हणजे आम्ही अकरा जणांनी, पण आतल्या खोल्यांच्या भिंती माझ्या. चौदा महिने तिथे काढले, पायाची दोन नखं थंडीने गळून पडली. घरात हे कुणाला ठाऊक नव्हतं. मी लपवलं नव्हतं, कुणी विचारलंच नव्हतं. उत्तरेला सरकारी काम आहे एवढं सांगून निघालो होतो. चौदा महिन्यांत आईचा एक फोन आला, गच्चीची किल्ली कुठे ठेवली आहेस म्हणून. बायको असती तर तिने खोदून खोदून विचारलं असतं, पण तिला जाऊन सहा वर्षं झाली.

मी ठरवलं, आत्ता अवाक्षर काढायचं नाही. आईला तिथे न्यायचं, तिसऱ्या खोलीत भिंतीसमोर उभं करायचं, शोध म्हणायचं, जुनं कुठलं आणि नवं कुठलं. नाही सापडणार. मग सांगायचं. पंचावन्न वर्षांचा घोडा झालो तरी आईने एकदा बरं म्हणावं ह्यासाठी जीव तुटत होता, आता हे कबूल करायला लाज कसली.

दोन दिवस रेल्वे आणि मग बस. ती बस दिवसातून एकदाच सुटते. आई अठ्ठ्याहत्तरची आहे, पण हूं की चूं केलं नाही. एरवी दारातून कोपऱ्यापर्यंत जायचं तर गुडघ्यांचं रामायण सांगते. बाहेर झाड म्हणून नव्हतं. खुरटं गवत, दगड आणि एका बाजूला राखाडी समुद्र. बसमध्ये आम्ही दोघं, ड्रायव्हर आणि मागे झोपलेला एक टपालवाला. मी डबा काढून आईला दिला. तिने तो मांडीवर ठेवला आणि खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "तुझे आजोबा तापाने गेले नाहीत."

आम्हाला लहानपणापासून तेच सांगितलेलं. आजोबा तापाने गेले, आई पाच वर्षांची होती. आता बसमध्ये ती बोलायला लागली आणि दीड तास बोलत राहिली. इतकं ती माझ्याशी आयुष्यात बोललेली नाही.

आजोबा गवंडी होते. हे मला पहिल्यांदा कळलं. शत्रूने त्यांचं गाव घेतलं तेव्हा चौकात उभं करून विचारलं, थापी कुणाला धरता येते? ज्यांनी हात वर केले त्यांना ट्रकमध्ये घालून इकडे आणलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. गावातल्यांनी वर बोभाटा केला की हा पगाराच्या लोभाने शत्रूची भिंत बांधायला गेला. आजीच्या दारावर शेण फेकलं लोकांनी. ती पोरीला घेऊन दुसऱ्या गावाला गेली आणि तिथे सांगितलं, नवरा तापाने गेला. ते खोटं तिने मरेपर्यंत सांभाळलं आणि तिच्यामागे आईने.

दोन वर्षांनी तिथून सुटलेला एक सुतार मागच्या दाराने आजीला भेटायला आला होता. आई दारामागे उभी राहून ऐकत होती. सुतार म्हणाला, शेवटी शेवटी त्याला उभं राहता येत नव्हतं, म्हणून भिंतीचा खालचा भाग बसून लिंपायचं काम त्याला दिलं. त्याने लिंपून झाल्यावर ओल्या गिलाव्यात उजवा हात दाबला. त्यानंतर तीन दिवसांनी गेला. पुरलं कुठे ते कुणाला ठाऊक नाही. तिसरी खोली, दुसरा झरोका, त्याच्या खाली, बसल्यावर हात पोचेल तिथे. आईने हे पाढ्यासारखं पाठ केलेलं होतं. बसमध्ये तिने ते दोनदा म्हणून दाखवलं.

"ओळखायला सोपा आहे," ती म्हणाली. "करंगळी नव्हती त्यांना. गाडीच्या चाकात गेलेली. चारच बोटं दिसतील. मला त्यात माझा हात ठेवायचाय, बस्स. मग डोळे मिटायला मी मोकळी."

मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, तू थापी हातात घेतलीस त्या दिवसापासून तुझ्या हाताकडे मला बघवलं नाही. एवढं बोलून तिने डबा उघडला आणि जेवायला लागली.

तो हात मी पाहिला होता.

कसा विसरेन? तिसऱ्या खोलीत तीन झरोके आहेत, बंदुकीची नळी बाहेर काढायला ठेवलेल्या आडव्या फटी. मधल्या झरोक्याखाली गुडघ्याच्या उंचीवर पंजा होता. आमच्या कामाचा नियम होता, बोटाच्या पेरापेक्षा खोल खड्डा असेल तरच भरायचा, बाकी भिंत आहे तशी सोडायची. तो पंजा अर्ध्या पेराएवढाही खोल नव्हता. सोडून दिला असता तर कुणी विचारलं नसतं. पण मी गवंडी आहे. ओल्या मालावर हात उमटवणं म्हणजे गवंड्याच्या तोंडावर थुंकणं. मी शिकाऊ असताना एकदा गंमत म्हणून ओल्या भिंतीला पंजा लावला होता, तर माझ्या मिस्त्रीने कोपरे मापायच्या गुण्याने पाठ सोलून काढली होती. मला वाटलं, हा कुठल्या तरी पहारेकऱ्याचा चावटपणा. मी बिगाऱ्यांना बोलावून दाखवलं, बघा रे, चार बोटांचा शहाणा. सगळे पोट धरून हसले. एकाने त्यात आपला हात घालून पाहिला, करंगळी दुमडून.

मग मी तो भरला. दोन दिवस घेतले. त्याच रंगाची वाळू मिळावी म्हणून किनाऱ्यावर तीन ठिकाणी खणलं. जुन्या गिलाव्यावर माल घोटायच्या रंध्याच्या ज्या बारीक रेघा होत्या तशाच नव्यावर ओढल्या. इंजिनियर साहेब बॅटरी आडवी धरून शोधत राहिले आणि त्यांना जागा सापडली नाही. त्यांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. ज्या भिंतीसमोर आईला उभं करायचं मी घरून ठरवून निघालो होतो, ती हीच.

बस थांबेपर्यंत मी मूग गिळून बसलो. सांगायचं असतं तर तेव्हाच सांगायला हवं होतं, हे मलाही कळतं. पण काय सांगणार? आणि कुणाला? जिने मला आयुष्यभर चिखलात हात घालणारा म्हटलं तिला?

उतरल्यावर मी तिला परत फिरवायची धडपड केली. आत चाळीस पायऱ्या आहेत म्हटलं. आत हवा कोंदट असते, डॉक्टरांनी काय सांगितलंय आठव म्हटलं. ती काठी टेकत फाटकाकडे चालायला लागली होती. मागे न बघता म्हणाली, तुला नसेल यायचं तर तू बाहेर बस. फाटकावर तिकिटं फाडणारा म्हातारा आमच्या वेळेपासूनचाच होता. मी टोपी भुवयांपर्यंत ओढली आणि मफलर नाकावर घेतला. आईच्या मागून चोरासारखा आत शिरलो, आणि ते सुद्धा मी बांधलेल्या पायऱ्यांवरून.

जागा बाकी झकास ठेवली आहे. लोखंडी दारांना नवा करडा रंग, बिजागऱ्यांना तेल. पहिल्या खोलीत शिपायांचे एकावर एक पलंग, त्यावर घडी घातलेली घोंगडी. दुसऱ्या खोलीत शेगडी, पत्र्याचे मग, भिंतीवर टेलिफोन. प्रत्येक वस्तूखाली पाटी. शिपाई काय खायचे, कसे झोपायचे, घरी पत्रं कशी लिहायचे, सगळं होतं. ज्यांनी भिंती बांधल्या त्यांच्याविषयी दाराशी एक पाटी होती, तीन ओळींची. आईने एकही पाटी वाचली नाही. ती खोल्या मोजत होती.

तिसऱ्या खोलीत आम्ही दोघंच होतो. झरोक्यांतून समुद्राचा उजेड येत होता. तीन झरोक्यांतला दुसरा कुठूनही मोजा, दुसराच येतो, तिथे चुकायला जागा नाही. आईने काठी माझ्या हातात दिली, भिंतीचा आधार घेत घेत खाली बसली, अंगावरची शाल मांडीखाली सारली. मग उजव्या हातातला मोजा काढला आणि भिंतीवर हात ठेवला.

आधी मधोमध. मग डावीकडे, मग उजवीकडे. मग खाली जमिनीपर्यंत. सावकाश, बोटं पसरून. काही नाही म्हटल्यावर पुन्हा पहिल्यापासून. मला म्हणाली, मोबाइलचा उजेड धर. मी धरला. आडवा धर म्हणाली, म्हणजे खळगा दिसेल. मी आडवा धरला. खळगा दिसणार नाही ह्याची खात्री जगात माझ्याइतकी कुणालाच नव्हती. तरी मीसुद्धा खाली बसून चाचपल्यासारखं केलं. इथे बघ, इथे नाही, तिकडे बघू, असलं निर्लज्ज नाटक मी माझ्या सख्ख्या आईसमोर दहा मिनिटं केलं.

तिचा हात शेवटी नेमका त्या जागेवर येऊन थांबला. दमली होती म्हणून थांबला. "किती गुळगुळीत आहे," ती म्हणाली. मग पुन्हा हात फिरवला. "कुठे टोचत नाही, काही नाही. हे बुजवलंय रे कुणीतरी." तिचा आवाज बदलला. "ज्याने बुजवलं त्याचे हात झडोत."

मी तिच्या शेजारी उकिडवा बसलो होतो. माझे हात माझ्या गुडघ्यांवर होते. मी ते खिशात घातले.

तेवढ्यात माहिती सांगणारी मुलगी आत आली. तिला वाटलं आजी पडल्या. आईने तिला सगळं सांगितलं, पाढा म्हणावा तसं, तिसरी खोली, दुसरा झरोका. मुलीच्या डोळ्यांत पाणीच आलं. ती पळत गेली आणि एक जाड वही घेऊन आली. काम सुरू व्हायच्या आधी साहेबांनी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवले होते, ते त्यात चिकटवलेले होते. तिने एक पान उघडून आईसमोर धरलं. त्यात तो पंजा होता, चार बोटांचा.

आईने फोटोवर हात ठेवला नाही. नुसतं बघत राहिली. मग म्हणाली, लहान आहे की. मला वाटायचं मोठा असेल.

मुलगी सांगत होती. काम संपल्यावर एका अभ्यास करणाऱ्या बाईंच्या नजरेला हा फोटो पडला. इथे राबून मेलेल्या माणसांची दुसरी कसलीही खूण शिल्लक नाही, एवढीच होती. बाई तीन दिवस इथे दिवे लावून बसल्या. पण नवं काम इतकं बेमालूम, की जुनं कुठे संपतं तेच कळेना, म्हणून उकरायला कुणी धजावलं नाही. "पण आजी, ठसा आत आहे," मुलगी म्हणाली. "वरचा थर म्हणजे नुसतं पांघरूण. आज ना उद्या यंत्र आणून तो अलगद काढणार आहेत."

हे ऐकल्यावर आईचा चेहरा असा निवला की मी तसा कधी पाहिला नव्हता. माझ्या लग्नात नाही, थोरल्याच्या लग्नात नाही. ती पुन्हा भिंतीकडे वळली, फोटोत बघून जागा ठरवली आणि तळवा टेकला. डोळे मिटले. करंगळी दुमडून घेतली होती. मग म्हणाली, "असू दे. आत आहे ना? निदान थंडीवाऱ्यापासून वाचला."

मुलीने त्या फोटोची प्रत काढून लिफाफ्यात घालून दिली. मी आईला धरून वर आणलं.

बाहेर वाऱ्याच्या आडोशाला एक बाक आहे. बसला पाऊण तास होता. आई लिफाफा छातीशी धरून बसली होती आणि खुशीत होती. चक्क खुशीत. तिने माझ्याकडून चहा मागून घेतला, समुद्राकडे बघत घोट घोट प्यायली, म्हणाली की आता आपल्या आईला वर जाऊन सांगता येईल. माझ्या मनात आलं, सुंठेवाचून खोकला गेला. तिला आहे त्यात समाधान आहे. मुलीला खरं ठाऊक नाही. बसमध्ये बसायचं, घरी जायचं, तोंडाला कुलूप लावायचं. शपथेवर सांगतो, मी तसंच ठरवलं होतं.

पण आईला राहवेल तर ना. चहाचा पेला माझ्या हातात देताना तिची नजर माझ्या बोटांवर गेली. चुन्याने खाल्लेली बोटं, नखांच्या कडा काळ्या. ती म्हणाली, ज्याने ती भिंत केली तो मात्र खरा कारागीर बरं का. मेला नालायक असेल, पण हात सोन्याचा. मग ती हसली आणि म्हणाली, "तुला नसतं जमलं इतकं सफाईदार."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षांची आग होती ती, एका वाक्याची नव्हे.

"मीच केलंय ते," मी म्हणालो.

तिला आधी कळलंच नाही. मग मी सांगितलं. चौदा महिने इथेच होतो. ही पायरी माझी, ती कड माझी, तिसऱ्या खोलीच्या चारी भिंती माझ्या. साहेबांनी पाठ थोपटली तेही सांगितलं. सांगताना मला बरं वाटत होतं, हे पण खरंच सांगतो.

मला वाटलं ती शिव्या देईल. पण तिचा चेहरा उजळला. तिने पेला बाजूला ठेवला आणि माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. मला आठवतंय तेव्हापासून पहिल्यांदा.

"मग तुला ठाऊक आहे की सांधा," ती म्हणाली. "त्यांना सापडत नाही, तुला सापडेल. काखेत कळसा नि गावाला वळसा. चल, त्या मुलीला सांगू. तू वरचा थर काढ. अलगद काढ. तुला येतं ना?"

तिचे हात गरम होते, चहाच्या पेल्याने. हो म्हणायला काय जात होतं माझं? आज नाही, पुढच्या वर्षी परवानगी काढू म्हटलं असतं तर ती आशेवर जगली असती. पण मगाशी ती म्हणाली होती, नसतं जमलं. आणि त्याआधी म्हणाली होती, हात झडोत. आणि त्याआधी तीस वर्षं काहीच म्हणाली नव्हती.

"आत काही नाही, आई," मी म्हणालो. "गुळगुळीत जुन्यावर नवा माल धरत नाही. आधी छिन्नीने टाचे मारावे लागतात, सगळं खरवडून खडबडीत करावं लागतं. मी ते केलं, मगच भरलं. त्या मुलीला काय कळतंय. पांघरूण नाही ते. खाली हात उरलेलाच नाही."

तिने माझे हात सोडले नाहीत. तसेच धरून ठेवले. "किती टाचे मारलेस?" तिने विचारलं.

"मोजले नाहीत. पण मन लावून मारले. आधी बोटांवर, मग तळव्यावर."

आता थांबायला हवं होतं. पण जिभेला हाड नसतं. मी म्हणालो, "चौदा महिन्यांत एकदा विचारलं असतंस ना आई, कुठे आहेस म्हणून, तर मी नाव सांगितलं असतं. आणि तू मला सांगितलं असतंस, तिसरी खोली, दुसरा झरोका. तू किल्ली विचारलीस."

तिने हात सोडले. मोजे घातले, एक एक बोट नीट बसवून. बस आली तेव्हा ती पुढच्या सीटवर ड्रायव्हरच्या मागे बसली. मी दोन सीट सोडून मागे बसलो. घरापर्यंतच्या अडीच दिवसांत ती माझ्याशी एवढंच बोलली की पाण्याची बाटली दे.

मला वाटलं होतं घरी गेल्यावर ती थोरल्याला सांगेल आणि मला घराबाहेर काढतील. तसं झालं नाही. तिने फोटो थोरल्याकडे दिला, त्याने तो मोठा करून काचेच्या चौकटीत बसवून आणला. बाहेरच्या खोलीत लावायचं ठरलं, मी गिलावा केलेल्या भिंतीवर. आईने मलाच खिळा मारायला लावला. पहिल्या घावाला तळव्याएवढा गिलावा निघून खाली पडला. मी बुजवतो म्हणालो. राहू दे तसंच, ती म्हणाली.

तेव्हापासून ती माझ्याविषयी बोलते. चाकांच्या खुर्चीची गोष्ट मागे पडली. कुणी आलं की ती पाहुण्याला चौकटीसमोर नेते, हा माझ्या बापाचा हात, म्हणून सांगते. मग मला आतून हाक मारून बोलावते, जवळ उभं करते, पाठीवर हात ठेवते. गेल्या आठवड्यात शेजारीण न्हाणीघराची भिंत दुरुस्त करायची म्हणून चांगला गवंडी विचारायला आली होती. तिलाही आईने चौकटीसमोर नेलं.

"आमच्या ह्यालाच सांगा," आई म्हणाली. "हात सोन्याचा आहे. मागे काही शिल्लक ठेवत नाही."

शेजारीण कौतुकाने माझ्याकडे बघायला लागली. आई म्हणाली, हिला हात दाखव तुझे. मी दाखवले.